समुद्र नंतर बघा, आधी सातबारा : मेक्सिकोच्या किनाऱ्यावर घर घेताना

टेक्सासहून मुलाचा फोन येतो, "आप्पा, मेक्सिकोत समुद्राकाठी एक फ्लॅट बघतोय." इकडे रावेरला किंवा शहाद्याला घरात पहिला प्रश्न निघतो, "सातबारा कोणाच्या नावावर लागेल?" प्रश्न अगदी बरोबर आहे. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर परदेशी माणसाची मोठी रक्कम अडकते किंवा बुडते, त्यामागे वादळापेक्षा जमिनीचा प्रकार न तपासणं हे कारण जास्त असतं. वर्ग दोनची जमीन, आदिवासी खातेदाराची जमीन, एनए न झालेला प्लॉट हे शब्द आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतात. तीच नजर तिकडे वापरायची आहे, कागदांची नावं तेवढी स्पॅनिश आहेत.

ओढ का आहे, हे समजण्यासारखं आहे. डॅलसहून प्वेर्तो वायार्ता तीन तासांच्या आत, ह्यूस्टनहून कानकुन त्याहून कमी, आणि फिनिक्सहून प्वेर्तो पेन्यास्को गाडीने साधारण चार तास. वर्षातून पाच-सहा वेळा जाऊन राहता येईल अशी जागा. आई-वडील जळगावहून गेले तर महिनाभर तिथेच थांबता येतं.

कागदावर नाव कोणाचं लागतं

मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतलं कलम २७ सांगतं की किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि देशाच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी मिळणार नाही. समुद्रकाठची सगळी प्रसिद्ध गावं या पट्ट्यात येतात. तरी परदेशी लोकांची तिथे हजारो घरं आहेत, ती 'फिदेइकोमिसो' या पद्धतीने. म्हणजे विश्वस्त व्यवस्था. मेक्सिकोतली परवानाधारक बँक विश्वस्त म्हणून दस्तावर येते आणि तुम्ही लाभार्थी असता. त्यासाठी तिथल्या परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो, तो बँक किंवा नोतारिओ, म्हणजे तिथला दस्त करणारा सरकारनियुक्त कायदेतज्ज्ञ, काढून देतो.

लाभार्थ्याला घरात राहता येतं, भाड्याने देता येतं, दुरुस्ती-वाढ करता येते, विकता येतं, वारसाला देता येतं. बँक तुमच्या लेखी सूचनेशिवाय काही करू शकत नाही. बँक बुडाली तर घर तिच्या देण्यांत जात नाही, कारण ते तिच्या मालमत्तेत धरलेलंच नसतं. विश्वस्त म्हणून दुसरी बँक नेमली जाते. मुदत ५० वर्षं आणि नूतनीकरण करता येतं. १९९३ च्या परकीय गुंतवणूक कायद्याने ती ३० वरून ५० केली. म्हणून जुन्या परदेशी मालकाकडून घर घेत असाल तर त्याच्याच फिदेइकोमिसोचे हक्क स्वतःकडे वळवण्याआधी किती वर्षं उरली आहेत ते बघा. मोजकीच वर्षं उरली असतील तर नवीन करून घेतलेला बरा. खर्च थोडा वाढतो, पण पुढे विकताना गिऱ्हाईक अडत नाही.

परवान्यात एक अट असते, तीही घरच्यांना आधी सांगून ठेवावी. या मालमत्तेपुरतं तुम्ही स्वतःला मेक्सिकन नागरिकासारखं समजाल आणि आपल्या देशाच्या सरकारकडे संरक्षण मागणार नाही, असं कबूल करावं लागतं. वाद झाला तर तो तिथल्याच न्यायालयात, तिथल्याच वकिलाकडून लढायचा. भारतीय दूतावास मध्ये पडणार नाही.

"स्थानिक ओळखीच्या माणसाच्या नावावर घेऊ, आपसात लिहून ठेवू," असा सल्ला देणारे तिकडेही भेटतात. हा सरळ बेनामी व्यवहार आहे. त्या माणसाचं निधन, घटस्फोट किंवा कर्ज, यातलं काहीही घडलं की घर गेलं. या रस्त्याला जाऊच नका.

एहिदो : इथे सगळ्यात जास्त थांबा

क्रांतीनंतर मेक्सिकोच्या सरकारने मोठ्या जमीनदारांची जमीन काढून गावांना सामूहिक म्हणून दिली. ती एहिदो जमीन. कसणाऱ्याला वापराचा हक्क, विकायचा नाही. किनाऱ्यालगतची फार मोठी जमीन आजही एहिदो आहे. नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडच्या आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने परवानगीशिवाय घेतली तर काय होतं हे ज्याने बघितलंय, त्याला एहिदोचा धोका लगेच कळेल. ताबा आहे, कुंपण आहे, वीजमीटरसुद्धा आहे, आणि मालकी मात्र नाही.

१९९२ च्या दुरुस्तीनंतर एहिदो जमीन खासगी करायची वाट उघडली, पण वाट लांब आहे. एहिदोच्या सभेत ठराव लागतो. मोजणी होऊन राष्ट्रीय कृषी नोंदणीत तुकड्यांची नोंद लागते. मग त्या तुकड्याला 'दोमिनिओ प्लेनो', म्हणजे पूर्ण मालकी मिळते. त्यानंतर राज्याच्या सार्वजनिक मालमत्ता नोंदणीत ती खासगी जमीन म्हणून चढते. तेवढ्यानेही संपत नाही. पूर्ण मालकी मिळाल्यानंतरच्या पहिल्या विक्रीत जोडीदार, मुलं, तो तुकडा वर्षाहून जास्त कसणारे आणि एहिदोतले लोक यांना आधी घ्यायचा हक्क असतो. त्यांना नोटीस द्यावी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. नोटीस दिल्याचा पुरावा नसेल तर व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो. आपल्याकडे बहिणीची सही राहिली म्हणून वीस वर्षांनी दावा लागतो, तसंच समजा.

बाजारात मात्र काय दाखवलं जातं? 'सेसिओन दे देरेचोस', म्हणजे हक्क सोडल्याचा कागद, किंवा 'कॉन्स्तान्सिआ दे पोसेसिओन', म्हणजे एहिदोच्या कारभाऱ्याने दिलेला ताब्याचा दाखला. दोन्हींवर शिक्के भरपूर असतात. भाव शेजारच्या खासगी प्लॉटपेक्षा बराच कमी असतो, आणि विकणारा म्हणतो, "नियमित करायचं काम चालू आहे, सहा महिन्यांत होईल." धुळ्याच्या हद्दीबाहेर "एनएची फाईल टेबलावरच आहे" म्हणून विकले जाणारे प्लॉट आठवा. तुलुम आणि त्याच्या आसपास अशा जमिनींचे वाद गाजलेले आहेत.

पारखायची सोपी कसोटी एकच : या जमिनीवर बँक फिदेइकोमिसो करायला तयार आहे का, ते बँकेकडूनच लेखी विचारा. एहिदो जमिनीवर कोणतीही बँक तो करत नाही, करूच शकत नाही. विकणारा "फिदेइकोमिसो नंतर बघू, आधी इसार द्या" म्हणाला की तिथून उठायचं.

दुसरी एक पट्टी लक्षात ठेवा. समुद्राच्या भरतीरेषेपासून २० मीटर रुंदीची जागा केंद्र सरकारची असते, कोणाच्याच मालकीची होत नाही. वापरायला ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो. किनाऱ्यालगतच्या बंगल्याची पायरी, पोहण्याचा तलाव किंवा कुंपण या पट्ट्यात आलं असेल तर परवाना कोणाच्या नावावर आहे, त्याची फी भरलेली आहे का, मुदत कधी संपते, हे तिन्ही बघावं लागतं. "खासगी बीच" अशी जाहिरात असेल तर ती चुकीची आहे. तिथले किनारे सार्वजनिक आहेत.

नोतारिओ म्हणजे आपल्याकडचा नोटरी नव्हे

आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्का मारून देणारा नोटरी असतो. मेक्सिकोतला नोतारिओ पुब्लिको हा अनुभवी कायदेतज्ज्ञ असतो, त्याची नेमणूक राज्यपाल करतात, आणि त्याच्याशिवाय मालमत्तेचा दस्त होत नाही. दस्त लिहिणं, मालकी तपासणं, दोन्ही बाजूंचे कर कापून सरकारात भरणं आणि दस्त नोंदणीला पाठवणं ही त्याची कामं. म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातलं बरंचसं काम त्याच्याकडेच आलं. नोतारिओ निवडायचा मान साधारणपणे खरेदीदाराकडे असतो, तो सोडू नका. बिल्डरने सुचवलेलाच घ्यावा अशी सक्ती नसते.

पण नोतारिओ दोन्ही बाजूंना समान असतो, तो तुमचा वकील नाही. करारातल्या अटी तुमच्या फायद्याच्या आहेत का, हे तो सांगणार नाही. त्यासाठी वेगळा वकील लावा, आणि तो दलालाच्या ओळखीचा नसावा. जमीन-दलालीला परवान्याची सक्ती सगळ्याच राज्यांत नाही. काल पर्यटकांना फिरवणारा आज प्लॉट दाखवू शकतो. दलालाचं कमिशन बहुधा विकणारा देतो, हेही लक्षात असू द्या.

मागायचे कागद असे. आधीचा नोंदलेला दस्त, म्हणजे एस्क्रितुरा. नोंदणी कार्यालयाचा बोजा नसल्याचा दाखला, ज्याला सेर्तिफिकादो दे लिबेर्ताद दे ग्रावामेन म्हणतात. हा ताजाच हवा; दोन वर्षांपूर्वीचा दाखला दाखवून अलीकडचं गहाणखत झाकता येतं. घरपट्टीच्या म्हणजे प्रेदिआलच्या पावत्या आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा कागद. सरकारमान्य मूल्यांकन. फ्लॅट असेल तर इमारतीचा कोन्दोमिनिओ, म्हणजे सामाईक मालकीचा, दस्त आणि नियमावली. नियमावलीत पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देता येतं की नाही ते वाचा, कारण काही सोसायट्यांनी ते बंद केलेलं असतं आणि खरेदीचं गणितच भाड्यावर बसवलेलं असतं. सोसायटीच्या सभांची मागच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तंही मागा. लिफ्ट, गळती, थकबाकीदार, राखीव निधी, सगळं त्यात कळतं.

प्लॉट असेल तर मोजणी स्वतःच्या खर्चाने करून घ्या. तिकडे क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, एवढं धरलं की अंदाज येतो.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत आगाऊ बुकिंग स्वस्त पडतं, पण तिथे तपासणी दुप्पट. जमीन बिल्डरच्या नावावर आहे का, बांधकाम परवाना, पर्यावरण खात्याची मंजुरी, आणि त्याचा छापील करार ग्राहक संरक्षण खात्याकडे, म्हणजे प्रोफेकोकडे नोंदलेला आहे का. नोंदलेला नसेल तर उशिराच्या दंडाचं कलम बहुधा तुमच्या बाजूचं नसतंच. इसार साधारण १० टक्के मागतात. तो विकणाऱ्याच्या खात्यात टाकू नका. तिसऱ्या पक्षाच्या एस्क्रो खात्यात ठेवा आणि कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर पैसे सुटतील ते लिहून घ्या. मेक्सिकोत एस्क्रो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो.

दस्तावर पूर्ण किंमत लिहा

सरकारी भाव वेगळा, खरा भाव वेगळा ही सवय आपल्याकडे खोल गेलेली आहे. तिकडेही विकणारा म्हणेल, "दस्तावर कमी दाखवू, तुमचा खरेदी कर वाचेल." या बोलण्याला भुलणं अंगाशी येतं, कसं ते आकड्यांत बघा.

समजा फ्लॅट २,००,००० डॉलरला घेतला आणि दस्तावर १,२०,००० दाखवले. खरेदी कर गावागावाप्रमाणे बदलतो, तो तीन टक्के धरला तर ८०,००० वर वाचले २,४०० डॉलर. काही वर्षांनी तोच फ्लॅट २,६०,००० ला विकला, आणि पुढचा खरेदीदार पूर्ण किंमतच लिहिणार. तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाला विक्रीवर दोन पर्याय असतात : एकूण किमतीवर २५ टक्के, किंवा निव्वळ नफ्यावर ३५ टक्के. खरा नफा ६०,०००, त्याचा कर २१,०००. पण कागदावर नफा दिसतो १,४०,०००, त्याचा कर ४९,०००. वाचवले २,४०० आणि गेले २८,०००. नफा काढताना महागाईची काही वजावट मिळते, खर्च वजा होतात, त्यामुळे नेमके आकडे हलतील. दिशा हीच राहते.

अजून एक बारकावा. दस्त पेसोत असतो. डॉलर महाग झाला तर डॉलरमध्ये भाव तोच राहूनही पेसोत नफा दिसतो आणि त्यावर कर लागतो. म्हणून वजावटीचे कागद पहिल्या दिवसापासून जपायचे. तिथला करदाता क्रमांक, आरएफसी, काढून घ्या आणि दुरुस्ती-वाढीच्या प्रत्येक कामाचं अधिकृत इलेक्ट्रॉनिक बिल त्याच क्रमांकावर घ्या. मिस्त्रीला रोख देऊन साध्या कागदावर घेतलेली सही विक्रीच्या वेळी मोजली जात नाही.

पैसे इथून जाणार असतील तर

घरात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

भारतात राहणारा माणूस रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो. परदेशात घर घेणं त्यात बसतं. आई-वडील दोघांची मर्यादा वेगवेगळी आणि ती एकत्र करता येते. मार्चमध्ये एक हप्ता आणि एप्रिलमध्ये दुसरा पाठवला तर दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. पैसे स्वतःच्या बँक खात्यातून, पॅनसह, ए-दोन फॉर्म भरून, खरा उद्देश लिहूनच जायला हवेत. "कुटुंबाचा खर्च" असं लिहून घराचे पैसे पाठवू नका. यासाठी बँक कर्ज देत नाही, देऊ शकत नाही. आणि सोनं मोडून किंवा केळीच्या पट्टीतून आलेली रक्कम आधी खात्यात, हिशोबात आलेली हवी. पाठवण्याच्या आठवड्यात भरलेली मोठी रोकड बँक नक्की विचारेल.

एका वर्षात १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापते. ६० लाख पाठवायचे असतील तर ५० लाखांवर १० लाख रुपये वेगळे लागतात. हा जादा कर नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत पैसा अडकतो, आणि ऐन वेळी ते १० लाख नसल्यामुळे व्यवहाराची तारीख चुकते. आधीच बाजूला काढून ठेवा.

घर तुमच्या नावावर असेल तर दरवर्षी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. साधा आयटीआर-१ चालत नाही. इथे बागायतदारांची चूक होते : "आपलं उत्पन्न शेतीचं, करमुक्त, विवरणपत्र कशाला?" परदेशात मालमत्ता असेल तर उत्पन्न कितीही असो, विवरणपत्र भरावंच लागतं. ती मालमत्ता जाहीर केली नाही तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. भाडं येत असेल तर तेही इथे दाखवायचं. भारत-मेक्सिको दुहेरी करआकारणी करार असल्यामुळे तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. राहायला मुलगाच जाणार असेल तर घर त्याच्याच नावावर घ्या आणि आई-वडिलांनी त्याच योजनेतून त्याला भेट म्हणून रक्कम पाठवावी. टीसीएस तेव्हाही लागतो, पण आई-वडिलांच्या मागे तक्त्याची कटकट उरत नाही. मुलगा अमेरिकेचा करदाता असेल आणि वर्षभरात आई-वडिलांकडून १,००,००० डॉलरपेक्षा जास्त भेट आली तर त्याला तिकडे ३५२० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर कर नाही, पण न भरल्याचा दंड मोठा आहे. फिदेइकोमिसोचा ट्रस्ट म्हणून वेगळा अहवाल मात्र साधारणपणे द्यावा लागत नाही; अमेरिकेच्या कर खात्याने २०१३ मध्ये तसा निर्णय दिलेला आहे.

मुलाच्या वाट्याचं वावर विकून पैसे उभे करायचे असतील तर ते त्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयातल्या, खात्यात येतात आणि तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, सीएच्या दाखल्यासह, बाहेर नेता येतात. उद्या तो कायमचा जळगावला परतला तरी परदेशात राहत असताना घेतलेलं घर त्याला ठेवता येतं. परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या कलम ६(४) मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

नाव, सही आणि शिक्के

मेक्सिकोत माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं आणि एक आईचं. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. तिथला कारकून आपलं मधलं नाव सहज आडनाव समजून बसतो आणि दस्तात एक, बँकेत दुसरं, वीजबिलावर तिसरंच नाव येतं. दस्ताचा मसुदा सहीच्या आधी मागून पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचे पॅन, पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र एकसारखे नसतील तर ते आधी इथे दुरुस्त करा. नोतारिओ वैवाहिक स्थिती विचारतोच, त्यामुळे विवाह प्रमाणपत्र लागतं.

सहीला जाता येणार नसेल तर मुखत्यारपत्र चालतं. मेक्सिकन वकिलातीत केलेलं सगळ्यात सोपं. इथल्या नोटरीकडे केलं तर राज्याच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणूनचं प्रमाणन, लागतं, आणि मेक्सिकोत मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. मजकुरात तोच फ्लॅट, तीच कमाल किंमत आणि मुदत लिहा. सर्वाधिकार देणारं मुखत्यारपत्र कोणालाही देऊ नका.

व्हिसाची एक खाच एच-१बी, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावाल्यांना अडकवते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांपर्यंत राहता येतं. पण पासपोर्टवरचा शिक्का संपलेला आणि फक्त मंजुरीचा कागद चालू, अशी अवस्था असेल तर मेक्सिको त्या शिक्क्यावर आत घेत नाही. अमेरिकेत परतताना ३० दिवसांच्या आत आल्यास जुना शिक्का आपोआप चालू धरण्याची सवलत आहे, ती परतीची, जाण्याची नाही. घराचा ताबा घ्यायची तारीख ठरवताना हे बघा.

घर स्वतः

पावसाळा तिकडेही जून ते ऑक्टोबर. घर बघायला लोक डिसेंबर-जानेवारीत जातात, तेव्हा सगळंच छान दिसतं. एकदा तरी सप्टेंबरमध्ये जा. गळती, तुंबणारा रस्ता, बुरशीचा वास, सगळं तेव्हाच कळतं. भुसावळच्या ४५ अंशांची सवय असलेल्या माणसालाही तिथला दमटपणा जड जातो.

बाल्कनीच्या खालच्या बाजूला बघा. पोपडे निघालेत, गंजाचे तांबडे ओघळ आहेत, तर खारी हवा सळईपर्यंत पोचली आहे, आणि ती दुरुस्ती रंगाने होत नाही. सपाट स्लॅबवर जलरोधक थर दर तीन ते पाच वर्षांनी द्यावा लागतो. शेवटचा कधी दिला ते विचारा. एसीचं बाहेरचं युनिट समुद्राकडे तोंड करून असेल तर त्याचं आयुष्य कमीच धरा.

नळाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं, आपल्यासारखंच. पिण्याला २० लिटरचे जार. वीज मात्र १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथला मिक्सर किंवा गिझर तिकडे नेऊ नका. वीजदर टप्प्यांचे आहेत, आणि वर्षाची सरासरी त्या भागाच्या मर्यादेच्या वर गेली की सगळी सवलत काढून महाग 'डाक' दर लागतो. मागच्या मालकाची बारा महिन्यांची बिलं मागितली की तो धोका दिसतो.

वादळांचा हंगाम पॅसिफिक बाजूला १५ मे ते ३० नोव्हेंबर, कॅरिबियन बाजूला १ जून ते ३० नोव्हेंबर. ओतिस हे चक्रीवादळ २५ ऑक्टोबर २०२३ ला अकापुल्कोवर पाचव्या श्रेणीत आदळलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते साधं उष्णकटिबंधीय वादळ होतं. आवरायला वेळच मिळाला नाही. उंच इमारतींच्या काचा आणि आतल्या हलक्या भिंती गेल्या. विम्यात वादळ-पूर आणि भूकंप ही कलमं वेगळी मागून घ्या, नुसत्या घरविम्यात ती गृहीत धरू नका. कानकुन, प्लाया देल कार्मेन, तुलुमच्या बाजूला उन्हाळ्यात सार्गासो नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर येऊन कुजतं. भाड्याचं गणित मांडताना ते महिने कमी धरा.

दरवर्षी काय लागतं

खरेदीच्या वेळी कर, नोतारिओ, परवाना, मूल्यांकन, फिदेइकोमिसो धरून किमतीच्या साधारण पाच ते आठ टक्के वर ठेवा. त्यानंतर बँकेचं विश्वस्त शुल्क वर्षाला साधारण ५०० ते १,००० डॉलर. प्रेदिआल अमेरिकेच्या मानाने फारच कमी, आणि वर्षाच्या सुरुवातीला भरल्यास बऱ्याच नगरपालिका सूट देतात. मोठा खर्च सोसायटीच्या मासिक देखभालीचा. आणि बंद घर उघडून हवा देणारा, पंप चालवून बघणारा, वादळाआधी शटर लावणारा पगारी माणूस हवाच. तो खर्च टाळला तर पुढच्या भेटीत गादीपासून कपाटापर्यंत बुरशी मिळते.

फिदेइकोमिसोच्या दस्तात पर्यायी लाभार्थ्यांची जागा असते. ती रिकामी सोडू नका. तिथे नाव असेल तर मूळ लाभार्थ्याच्या मृत्यूनंतर बँक मृत्युदाखल्यावरून घर त्या माणसाकडे वळवते. नसेल तर जळगावच्या कोर्टातला वारसदाखला अपोस्टिल करून, भाषांतर करून, तिकडच्या कोर्टात फिरावं लागतं. मुलाचं लग्न झालं, नातवंडं आली की ती नावं बदलून घ्या. बँक त्यासाठी शुल्क घेते आणि बदल लेखी, नोतारिओपुढे होतो. दस्ताची एक प्रत, बँकेचा संपर्क आणि शुल्काच्या पावत्या इथल्या घरच्या कपाटातही असू द्या, आणि ते कपाट कोणतं हे आई-वडिलांना माहीत असू द्या.